दहा दिवस, सहा बेसबॉल स्टेडियम, आठ मित्र: शिकागो ते शिकागो गाडीची फेरी कशी आखावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

कराडच्या इंजिनीअरिंग कॉलेजातले आठ जण जूनमध्ये एकत्र यायचं ठरवत आहोत. शिकागोत दोघं, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, पिट्सबर्ग आणि सिनसिनाटीत एकेक, आणि पुण्याहून बी१/बी२ (पाहुण्यांच्या) व्हिसावर येणारे दोघं. चौघं पूर्ण फेरी करणार, बाकीचे सामन्यांना येऊन मिळणार. दर गावात एक बेसबॉलचा सामना आणि मित्राच्या घरी एक जेवण, असा बेत आहे. मिलवॉकीत ओळखीचं कुणी नाही, पण शिकागोपासून जवळ असल्याने तेही धरलं आहे.

विचारायचं आहे ते असं:
१. सहाही स्टेडियम दहा दिवसांत बसतात का? क्रम कोणता?
२. आठ जणांची तिकिटं कशी काढावीत? पुण्याच्या दोघांनी बेसबॉल कधी पाहिलेला नाही.
३. टोल, पार्किंग, भाड्याची गाडी यांत कुठे फसायला होतं?
४. तिघं शुद्ध शाकाहारी आहेत.

हॉटेलं अजून बुक केलेली नाहीत.

तिसरा_बेस

हॉटेलं बुक केली नाहीत हे उत्तम. या फेरीत आधी सामने, मग मुक्काम, आणि सगळ्यात शेवटी मित्रांच्या घरची जेवणं. जेवणाची तारीख हलवता येते, सामन्याची नाही.

प्रत्येक संघाचे हंगामात १६२ सामने, त्यातले ८१ घरच्या मैदानावर. घरचे सामने सहा-सात दिवसांच्या गठ्ठ्यात येतात आणि मग संघ तितकेच दिवस बाहेर असतो. म्हणजे कुठलाही एक दिवस धरला तर तुमच्या सहापैकी अंदाजे तीनच संघ घरी असतील. त्यात तुमच्या यादीत एक खास अडचण आहे. शिकागो कब्ज, मिलवॉकी ब्रुअर्स, पिट्सबर्ग पायरेट्स आणि सिनसिनाटी रेड्स हे चारही एकाच गटातले, नॅशनल लीग सेंट्रलचे. ते एकमेकांशी सारखे खेळतात, आणि पायरेट्स सिनसिनाटीत असतील तेव्हा पिट्सबर्गचं मैदान रिकामं असतं. डेट्रॉइट टायगर्स आणि क्लीव्हलँड गार्डियन्स यांचंही तसंच, दोघं अमेरिकन लीग सेंट्रलमध्ये. तेव्हा हे संघ बाहेरच्या गटातल्या पाहुण्यांशी घरी खेळत असतील असा आठवडा शोधा.

काम वहीवर करा. सहा ओळी संघांच्या, पंधरा-वीस रकाने तारखांचे. घरचा सामना असेल त्या चौकोनात वेळ लिहा, नसेल तर फुली. मग डावीकडून उजवीकडे, न फिरता जाता येईल असा रस्ता शोधा. पेन्सिलीने अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते नकाशा उघडण्याच्या आधी करायचं.

वारांचे काही ठोकताळे:

सोमवारी आणि गुरुवारी बऱ्याच संघांना सुट्टी असते. लांबचं ड्रायव्हिंग किंवा आराम सोमवारवर टाका. मालिकेचा शेवटचा सामना बुधवारी किंवा गुरुवारी असेल तर तो बहुधा दुपारी साडेबारा-एकला ठेवतात, कारण पाहुण्या संघाला त्याच संध्याकाळी निघायचं असतं. हे तुमच्या सोयीचं आहे: दुपारी सामना, चारला बाहेर, रात्रीच्या जेवणाला पुढच्या गावी. कब्जच्या मैदानावर, रिग्ली फील्डला, रात्रीच्या सामन्यांवर शहराची मर्यादा आहे, त्यामुळे शुक्रवारचा सामना अनेकदा दुपारी १:२० ला असतो. सुरुवात तिथून करा.

जुळणी साधली तर साचा असा:

शुक्रवार दुपार, शिकागो. शनिवार संध्याकाळ, मिलवॉकी (९० मैल). रविवारी मिलवॉकीहून शिकागोमार्गे डेट्रॉइट, सुमारे ३७५ मैल. त्या दिवशी सामना नको. सोमवार आराम आणि डेट्रॉइटच्या मित्राकडे जेवण. मंगळवार डेट्रॉइट. बुधवार क्लीव्हलँड (१७० मैल). गुरुवारी पिट्सबर्गला जाणं (१३५ मैल). शुक्रवार रात्र पिट्सबर्ग. शनिवारी सिनसिनाटीपर्यंत २९० मैल आणि मित्राच्या घरी मुक्काम. रविवारी दुपारचा सामना पाहून शिकागोला परत, २९५ मैल. सगळं मिळून साडेतेराशे मैलांच्या आसपास. गाडी जिथून घेतली तिथेच परत देता येते, दुसऱ्या गावी सोडण्याचं जादा भाडं वाचतं.

घड्याळ विसरू नका. शिकागो आणि मिलवॉकी सेंट्रल वेळेत, बाकी चारही गावं ईस्टर्नमध्ये. जाताना एक तास जातो, परतताना मिळतो. तिकिटावरची वेळ नेहमी त्या गावची असते.

सहापैकी पाचच जुळले तरी फेरी मोडू नका. रिकामा पडलेला दिवस टोलेडोला द्या. डेट्रॉइट–क्लीव्हलँडच्या रस्त्यावरच, डेट्रॉइटपासून साठ मैलांवर, टायगर्सच्या खालच्या फळीचा संघ मड हेन्स खेळतो. छोटं मैदान, स्वस्त तिकीट, खेळाडू हाकेच्या अंतरावर. खालच्या फळीच्या मालिका मंगळवार ते रविवार असतात, सोमवारी तिथेही काही नसतं.

आणखी एक. शनिवार-रविवारचे सामने टीव्हीसाठी वेळ बदलतात. विशेषतः रविवार रात्रीचा राष्ट्रीय प्रक्षेपणाचा सामना काही आठवडे आधीच ठरतो. तुमचा दुपारचा सिनसिनाटी सामना रात्री गेला तर शिकागोला पहाटे पोचाल. तेव्हा रविवारचं सिनसिनाटीचं हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

गोदातीर

तिकिटांबद्दल. भेटीगाठींसाठी हा खेळ फार चांगला आहे. एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात, त्यामुळे नऊ इनिंगमध्ये सतरा वेळा बाजू बदलते आणि दर वेळी दोन मिनिटांहून थोडी जास्त विश्रांती मिळते. पण जागा चुकीच्या घेतल्या तर त्या वेळेचा काही उपयोग होत नाही. आठ जण एका रांगेत बसले की पहिल्याला आठव्याचं काही ऐकू जात नाही. चार-चारच्या दोन जागा घ्या, एकामागे एक दोन रांगांत, त्याच आसनक्रमांकांच्या. पुढचे वळून बसतात आणि आठांची एकच बैठक होते. तिकीट काढताना सेक्शन तोच, रांग ८ आणि ९, आसन १ ते ४ असं शोधायचं. आसन १ म्हणजे कडेची वाट, ये-जा करताना इतरांना उठवावं लागत नाही.

२०२३ पासून पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) घड्याळ लावल्यामुळे सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत संपतो, आधी तीन तासांच्या वर जायचा. गप्पांसाठी वेळ हवा असेल तर गेट उघडताच आत जा. सामन्याआधी फलंदाजीचा सराव पाहायला मिळतो तो वेगळाच.

पुण्याच्या दोघांसाठी किमान दोन सामने होम प्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे, वरच्या मजल्यावर घ्या. खालची महागडी जागा नवख्याला उपयोगी नाही. तिथून पिच (पिचरने टाकलेला चेंडू) जवळ दिसतो, पण धावणारे, फेक आणि आउटफिल्ड (मैदानाचा लांबचा भाग) यांचा मेळ लागत नाही. वरून पूर्ण चौकट डोळ्यांसमोर राहते.

त्यांना स्कोअर लिहायला लावा. क्षेत्ररक्षकांना आकडे असतात: पिचर १, बॅटरच्या मागे बसणारा कॅचर २, फर्स्ट बेस ३, सेकंड बेस ४, थर्ड बेस ५, सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग आउटफिल्ड डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून सेकंड बेसला दिला, तिथून फर्स्ट बेसला गेला आणि दोघं बाद झाले, तर वहीत ६-४-३. हे तिसऱ्या इनिंगपर्यंत जमलं की पुढचं कुणी समजावून सांगावं लागत नाही.

ऊन कुठे लागतं ते मैदानाच्या तोंडावर ठरतं. नियमपुस्तकात होम प्लेटहून सेकंड बेसकडे जाणारी रेषा पूर्व-ईशान्येला असावी अशी शिफारस आहे, म्हणजे मावळतीचं ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येत नाही. रिग्ली आणि क्लीव्हलँडचं प्रोग्रेसिव्ह फील्ड यांत थर्ड बेसच्या बाजूला सावली आधी येते, फर्स्ट बेसवाल्यांच्या डोळ्यांत संध्याकाळचं ऊन. डेट्रॉइटचं कोमेरिका पार्क मात्र दक्षिणेकडे तोंड करून आहे. तिथे उलट, फर्स्ट बेसची बाजू घ्या. पिट्सबर्गला सामना रात्रीचा असेल तर डोळे झाकून थर्ड बेस, वरचा मजला. समोर नदी, पिवळे पूल आणि पलीकडे गावाच्या इमारती. दिवे लागतात तेव्हा सातवी-आठवी इनिंग चालू असते. या सहांत देखणेपणात पिट्सबर्गला तोड नाही, असं माझं ठाम मत आहे. सहाही गावांत खर्च सारखा वाटू नका, चांगली जागा इथे घ्या. उजवीकडची २१ फुटी भिंत पाहून ठेवा, पायरेट्सचा विख्यात खेळाडू रॉबर्तो क्लेमेंते याचा नंबर २१ होता म्हणून ती तेवढी.

रिग्ली १९१४ चं आहे, त्यामुळे वरचा मजला खांबांवर उभा आहे. २०० क्रमांकाच्या सेक्शनमधल्या मागच्या रांगांत एक तर खांब आड येतो, नाही तर वरच्या मजल्याच्या कडेमुळे उंच गेलेला चेंडू दिसेनासा होतो. स्वस्त तिकीट दिसलं की आधी हे तपासा. जूनमध्ये भिंतीवरची वेल पूर्ण हिरवी असते. चेंडू तिच्यात अडकला की क्षेत्ररक्षक दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला दोनच बेस मिळतात. आणि मिशिगन तळ्यावरून वारा सुटला तर जूनमध्येही जाकीट लागतं.

फाउल बॉल (रेषेबाहेर मारलेला चेंडू) प्रेक्षकांत आला तर तो पकडणाऱ्याचा, क्रिकेटसारखा परत द्यायचा नाही. प्रेक्षकांसमोरची संरक्षक जाळी संपते त्या पुढच्या जागांवर बसलात तर पिच पडताना मोबाइल खाली ठेवा. चेंडू यायला एक सेकंदसुद्धा लागत नाही.

कृष्णाकाठ

दोन रांगांचं कधी सुचलं नसतं. एक शंका: आठही तिकिटं एकाच्या फोनवर ठेवली तर चालतं का? पुण्याच्या दोघांकडे इथला नंबर नसेल. आणि पाऊस आला तर काय?

गोदातीर

चालतं, पण आठही जण एकदम गेटवर हवेत. एक जण पार्किंग शोधत राहिला तर सातांनी ताटकळायचं किंवा त्याने बाहेर राहायचं. म्हणून दोन फोनवर चार-चार ठेवा. पुण्याचे दोघं स्थानिक मित्राबरोबर आत जातील, त्यांना अ‍ॅप लागणारच नाही. बारकोड बदलता असतो, स्क्रीनशॉट चालत नाही. तिकीट घरूनच फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा, गेटवर हजारो फोन एकाच टॉवरवर असतात आणि पान उघडत नाही. बहुतेक स्टेडियममध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड लागतं. बिअरसाठी पुण्याच्या दोघांनी पासपोर्ट जवळ ठेवावा.

पाऊस: सामना पुढे ढकलला तर तिकीट नव्या तारखेला लागू होतं, पैसे परत नाहीत. प्रवाशाला ती तारीख बहुधा निरुपयोगी, म्हणून ते तिकीट लगेच पुनर्विक्रीला लावा. ढकललेला सामना दुसऱ्याच दिवशी डबलहेडर (एका दिवशी दोन सामने) म्हणून आला तर नीट वाचा. एकाच तिकिटात दोन्ही सामने असतात तो एक प्रकार, आणि दुपार-रात्र वेगळी तिकिटं हा दुसरा. दुसऱ्या प्रकारात तुमचं तिकीट कुठल्या सामन्याचं ते कळवतात. वर दिलेल्या साच्यात पिट्सबर्गचा गुरुवार मोकळा आहे तो या कामी येईल. आदल्या दिवशी क्लीव्हलँडचा सामना वाहून गेला तर गुरुवारी तिथेच थांबता येतं. मिलवॉकीला सरकतं छप्पर आहे. तिथला सामना पावसाने बुडत नाही, त्यामुळे कुणी फक्त एकाच सामन्याला येणार असेल तर त्याला मिलवॉकीला बोलवा.

हुरॉनकाठ

रस्त्याबद्दल थोडं सविस्तर, कारण डेट्रॉइटला एक गोष्ट खरंच गंभीर आहे.

कोमेरिका पार्कपासून कॅनडात जाणारा बोगदा एखाद्या मैलावर आहे, आणि अँबॅसडर ब्रिजचा फाटा हमरस्त्यालाच लागून आहे. सामना सुटल्यावर गर्दीत लेन चुकली आणि पुलाच्या फाट्यावर शिरलात तर वळून परत येता येत नाही. पलीकडे कॅनडाचा नाका, आणि तिथून परतताना अमेरिकेची पूर्ण तपासणी. भारतीय पासपोर्टवाल्याला कॅनडाचा व्हिसा लागतो. तो नसेल आणि पासपोर्ट हॉटेलच्या खोलीत असेल तर रात्र तिथेच जाईल. म्हणून डेट्रॉइटमध्ये सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि कागद गाडीत नव्हे, अंगावर हवेत. चालकाच्या शेजारी बसणाऱ्याने ‘ब्रिज टू कॅनडा’ आणि ‘टनेल टू कॅनडा’ या पाट्यांवर लक्ष ठेवायचं. चुकून शिरलातच तर पहिल्याच अधिकाऱ्याला सरळ सांगा की वळण चुकलं. नदीकाठी फोन कॅनडाचा टॉवर पकडतो, रोमिंग बंद ठेवा.

टोल. डेट्रॉइटहून शिकागोकडचा आय-९४ मिशिगनमध्ये मोफत आहे. शिकागोतून बाहेर पडताना नकाशा स्कायवे नावाचा रस्ता सुचवतो, त्याला टोल आहे. आय-९४ धरून राहिलात तर लागत नाही. क्लीव्हलँड–टोलेडो ओहायो टर्नपाइकला टोल, पण ईरी तळ्याकाठचा रूट २ मोफत आणि थोडाच हळू. पिट्सबर्गजवळ पेनसिल्व्हेनिया टर्नपाइकवर रोख घेतच नाहीत, नंबरप्लेटचा फोटो काढून बिल पाठवतात, आणि तो दर ईझी-पासच्या (काचेवरच्या टोल-पासच्या) दरापेक्षा बराच जास्त असतो. पिट्सबर्ग–सिनसिनाटी कोलंबसमार्गे आय-७० आणि आय-७१, टोल नाही.

भाड्याच्या गाडीत खरा फटका टोलाचा नसतो, गाडी देणारे त्यावर रोजचं सेवाशुल्क लावतात त्याचा असतो. शिकागोच्या मित्राचा आय-पास (इलिनॉयचा टोल-पास) आणा, तो टोल लागणाऱ्या इलिनॉय, इंडियाना, ओहायो आणि पेनसिल्व्हेनिया या चारही राज्यांत चालतो. गाडी ताब्यात घेतल्यावर तिचा नंबर त्याच्या खात्यात सुरू-बंद तारखेसह टाका आणि परत दिल्यावर काढा. काचेवर गाडीवाल्यांची स्वतःची टोल-पासची डबी असेल तर तिचं झाकण घट्ट बंद करा. ते अर्धवट उघडं राहिलं तर दोन्ही पास वाचले जातात आणि टोल दोनदा कापला जातो.

पार्किंग आधी बुक करा, पण स्टेडियमला चिकटून नको. दहा मिनिटं चालत जाल अशा ठिकाणाहून बाहेर पडणं निम्म्या वेळात होतं. डेट्रॉइटला फुटबॉलचं फोर्ड फील्ड अगदी शेजारी आहे. त्या रात्री तिथे मैफल आहे का ते आधी बघा, पार्किंगचा भाव त्यावर ठरतो. रिग्लीला गाडी नेऊच नका, मेट्रोच्या रेड लाइनचं अ‍ॅडिसन स्टेशन दारात आहे. पिट्सबर्गला गाडी गावात लावा आणि क्लेमेंते पुलावरून चालत जा, सामन्याच्या दिवशी तो वाहनांना बंद असतो. सिनसिनाटीला नदीपलीकडे केंटकीतल्या कोव्हिंग्टनमध्ये गाडी लावून रोबलिंग पुलावरून चालत यावं. १८६७ पासून वापरात असलेला हा झुलता पूल, पुढे ब्रुकलिन ब्रिजचा आराखडा करणाऱ्या जॉन रोबलिंगने बांधलेला.

रात्रीच्या सामन्यानंतर पुढच्या गावाला निघू नका. ६:४० चा सामना साडेनऊला संपतो, गाडी बाहेर यायला पाऊण तास, आणि मिशिगन-ओहायोत रात्री हरणं रस्त्यावर येतात.

तळ्याकाठी

खाण्याचा प्रश्न राहिला.

आतल्या शाकाहारी खाण्यावर विसंबू नका. नाचोज, फ्राइज, प्रेट्झेल, पिझ्झा एवढं सगळीकडे मिळतं. नाचोजवर चीज सांगताना खालच्या सॉसमध्ये मांस आहे का ते विचारा, सिनसिनाटीत तर ‘चिली’ म्हणजे बीफच्या खिम्याचाच प्रकार. पिट्सबर्गसारख्या काही ठिकाणी घरचं खाणं आत नेऊ देतात. पिशवीचं माप मात्र प्रत्येक स्टेडियमचं वेगळं: बऱ्याच ठिकाणी १६×१६×८ इंच, कुठे फक्त पारदर्शक, कुठे तळहाताएवढी पर्स. निघायच्या आदल्या रात्री त्या त्या स्टेडियमचं पान वाचा, कारण पाठीवरची सॅक गेटवर अडली तर ती ठेवायला परत गाडीपर्यंत जावं लागतं. आत न्यायला गुंडाळलेलंच काही करा: मेथीचे ठेपले, कोरडी बटाट्याची भाजी घातलेली पोळी. रस्सा, चटणीची बाटली, स्टीलचा डबा नको.

गुरुवारी पिट्सबर्गला पोचाल तेव्हा पेन हिल्समधलं श्री वेंकटेश्वर मंदिर बघून घ्या. १९७० च्या दशकातलं, अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोठ्या मंदिरांपैकी. शिकागोत डेव्हन अ‍ॅव्हेन्यू रिग्लीपासून उत्तरेला चार-पाच मैलांवर आहे. दुपारचा सामना सुटला की आठ जणांचं शाकाहारी जेवण तिथे होतं, पण शुक्रवारी रात्री टेबल आधी सांगून ठेवा.

मिलवॉकीला आत खायचंच नाही. तिथली रीत म्हणजे पार्किंगमध्ये शेगडी लावून सामन्याआधी दोन-तीन तास खात बसायचं. तुमच्या भेटीसाठी सहा गावांतली ही सगळ्यात चांगली जागा आहे, घाई नाही आणि कुणी उठवत नाही. शिकागोच्या दोघांनी आणायचं सामान: घडीची कोळशाची शेगडी, आठ पौंडांची कोळशाची एक पिशवी, कोळसे पेटवायचं उभं धुराडं, लांब चिमटा, हातमोजा, पाण्याचा कॅन, घडीच्या खुर्च्या. खाण्याला बारा कणसं, दोन पौंड पनीर, सिमला मिरची, कांदे, उकडून आणलेले छोटे बटाटे, लिंबं, आणि तिखट-मीठ एका डबीत कालवून.

धुराड्याखाली दोन कागद पेटवा, वर कोळसे. वीस-पंचवीस मिनिटांनी कडांवर राखाडी थर आला की शेगडीत ओता. ज्वाळा दिसताहेत तोवर कणीस ठेवू नका, बाहेरून करपतं आणि आत दाणा कच्चा राहतो. कोळसे सगळे एका बाजूला ओढा, दुसरी बाजू मोकळी. कणसं कोळशावर पाच-सहा मिनिटं फिरवत भाजा, मग मोकळ्या बाजूला सरकवा आणि त्यांच्या जागी पनीर. पनीरला घरूनच तेल आणि हळद-तिखट चोळून आणा, कोरडं असलं की जाळीला चिकटतं आणि उलटताना तुटतं. शाकाहाऱ्यांसाठी वेगळी जाळी हवी असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा पातळ ट्रे जाळीवर ठेवा, भांडण मिटतं.

सामन्याच्या पाऊण तास आधी शेगडी थांबवा. निखारे कचऱ्याच्या साध्या डब्यात किंवा गवतावर टाकायचे नाहीत. पार्किंगमध्ये गरम कोळशाचे वेगळे डबे असतात, त्यातच. शेगडी गार न होता डिकीत ठेवली तर भाड्याच्या गाडीचा गालिचा वितळतो आणि त्याची भरपाई द्यावी लागते, म्हणून तिच्यावर पाणी ओतून हात लावून बघा, मगच उचला.

कृष्णाकाठ

वहीवर रकाने आखले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाच गावं सरळ लागताहेत. क्लीव्हलँड संघ बाहेर आहे, तिथे बुधवारी टोलेडो टाकतो आणि क्लीव्हलँडच्या मित्रालाही टोलेडोलाच बोलावतो. चार-चारच्या दोन रांगा पिट्सबर्गला ३०० च्या सेक्शनमध्ये आत्ता दिसताहेत, आज घेऊ की थांबू?

गोदातीर

पिट्सबर्ग आजच घ्या. आठ जागा एकाखाली एक मिळणं हीच अडचण असते, दर थांबून उतरला तरी तेव्हा जोड्या सुट्या झालेल्या असतात. मिलवॉकी आणि डेट्रॉइटला शनिवार-मंगळवारची गर्दी बघून आठवडाभर आधी घेतलं तरी चालेल. रिग्लीही आज, खांब टाळून.